मागे राहणाऱ्याचे गाव

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातल्या निपाणीत आम्ही अठ्ठावीस वर्षे राहिलो आणि ती सगळी वर्षे भाड्याच्या घरात राहिलो. एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी भूगोल आणि मराठी शिकवत होतो. घर घ्यायचे ते निवृत्तीनंतर आणि तेही एकदाच, असे आम्ही ठरवून ठेवले होते. मात्र ते कुठे घ्यायचे, याचा निर्णय वर्षानुवर्षे पुढे जात राहिला. ३१ मे २०२३ रोजी मी निवृत्त झालो, तेव्हा तो आणखी पुढे ढकलण्याला काही कारण उरले नाही.

चिकोडी तालुक्यातील आमच्या मूळ गावी भावांची घरे आहेत आणि माझ्या वाट्याच्या दोन खोल्याही आहेत. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये दूधगंगेला महापूर आला, तेव्हा गावातील म्हाताऱ्या माणसांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून बाहेर काढावे लागले. मी दोन्ही वेळा तिथे होतो. वयाच्या पंचाहत्तरीत त्या ट्रॉलीत चढण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, एवढे मला त्या वेळीच कळले होते. निपाणीचे म्हणाल, तर गाव जिवाभावाचे. पण हृदयाचा, हाडांचा किंवा डोळ्यांचा तज्ज्ञ डॉक्टर लागला की कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचे, हा तिथला शिरस्ता आहे. कोल्हापूर तर जेमतेम चाळीस किलोमीटरवर. आमची मुलगी ज्या देवचंद महाविद्यालयात शिकली ते निपाणीला अगदी लागून असले तरी अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येते. ती रोज पायी महाराष्ट्रात जाऊन दुपारी कर्नाटकात जेवायला येत असे. तेव्हा कोल्हापूर का नाही, असे अनेकांनी विचारले. निवृत्तिवेतन कर्नाटकाच्या कोषागारातून, रेशनकार्ड इथले, मतदान इथले आणि कागदपत्रांची सगळी गाठोडी इथली. त्या वयात राज्य बदलण्याचा उत्साह दोघांतही नव्हता.

उरली दोन गावे, बेळगाव आणि धारवाड. ती आपोआपच उरली, कारण आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांतल्या एका गावात आपले कॉलेजचे दिवस काढले आहेत. मी १९८१ ते १९८४ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात होतो. माझी पत्नी माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि ती धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची विद्यार्थिनी. तिचे माहेर धारवाडच्या मालमड्डीतले. घरात बोलणे मराठी, शाळा कन्नड. त्यामुळे तिला दोन्ही भाषा लिहिता-वाचता येतात, आणि नोकरीच्या काळात मला आलेली कन्नड परिपत्रके रात्री जेवणानंतर तीच वाचून दाखवत असे. मला कन्नड कळते, बाजारापुरते बोलता येते, पण छापलेला मजकूर मी अक्षरे लावत लावत वाचतो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कॉलेजांचे गाव हवे, याबद्दल आमच्यात कधीच दुमत नव्हते. जिथे वैद्यकीय महाविद्यालय असते तिथे मोठे रुग्णालय असते आणि रात्री दोन वाजताही तिथे कोणी शिकाऊ डॉक्टर जागा असतो. जिथे विद्यार्थी हजारोंनी राहतात तिथे खानावळी, औषधांची दुकाने, झेरॉक्स, शहर बस आणि वाचनालये टिकून राहतात, आणि म्हाताऱ्या माणसांना नेमक्या याच गोष्टी लागतात. या दृष्टीने दोन्ही गावे तोलामोलाची आहेत. बेळगावात केएलई ही शिक्षणसंस्था १९१६ पासून, जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून आहे. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, कर्नाटक विद्यापीठ १९४९ चे, कृषी विद्यापीठ १९८६ चे, आणि २०१६ मध्ये तिथे आयआयटीही आली. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण सारख्याच उंचीवर, दोन्हीकडे उन्हाळा सुसह्य, आणि दोन्ही एकाच राष्ट्रीय महामार्गावर एकमेकांपासून पाऊणशे किलोमीटरवर आहेत. मुलगी पुण्याला आणि मुलगा बेंगळुरूला, म्हणजे मुलांच्या बाजूनेही पारडे समतोलच. वहीत दोन रकाने पाडून मी हे सगळे लिहून काढले आणि शेवटी माझ्या लक्षात आले की वहीने काहीच ठरत नाही.

तेव्हा पत्नीने सुचवले की दोन्ही गावांत एकेक महिना राहून पाहू. तिने एक अटही घातली. बँक, दवाखाना, वीजबिल, महापालिका, बाजार यांपैकी कोणत्याही कामाला दोघांनी बरोबर जायचे नाही. "तुम्ही बरोबर असलात की बोलायचं काम माझ्यावर पडतं, आणि मी बरोबर असले की तुम्ही गप्प उभे राहता. त्यातून कळणार काहीच नाही," असे ती म्हणाली. ही अट मला तेव्हा जरा विचित्र वाटली होती.

जुलै २०२३ मध्ये आम्ही बेळगावला, हिंदवाडीत ओळखीच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. त्या वर्षी जून कोरडा गेला होता आणि जुलैत पावसाने सगळी कसर भरून काढली. बेळगावचा पाऊस मी विसरलो होतो. घाट जवळ असल्याने तो धारवाडपेक्षा बराच जास्त पडतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि संध्याकाळी सहा वाजता दिवे लावावे लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने बेळगावचे घर पावसाळ्यातच पाहावे, असे मी अनुभवाने सांगेन. जानेवारीत पाहिलेले तेच घर फसवे असते.

तरीही तो महिना मला फार सुखाचा गेला. सकाळी सहाला व्हॅक्सिन डेपोतल्या जुन्या झाडांखालून फेरी मारायची, परतताना मराठी दैनिक हातात घ्यायचे, आणि दहाच्या सुमारास सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचे, असा माझा क्रम ठरून गेला. हे वाचनालय १८४८ साली स्थापन झालेले आहे. ज्या गावात पावणेदोनशे वर्षे लोक मराठी वाचनासाठी एकत्र येत आले आहेत, १९४६ च्या ज्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते संमेलन ज्या गावात भरले, त्या गावात आपले शेवटचे दिवस जावेत, यापेक्षा मोठी इच्छा सीमाभागातल्या मराठी शिक्षकाला कोणती असणार? भाजीवाली मराठीत बोलत होती, रिक्षावाला मराठीत बोलत होता. दवाखान्यात माझा रक्तदाब तपासणाऱ्या डॉक्टरांनी "काय होतंय, सविस्तर सांगा" असे मराठीत विचारले, तेव्हा मी इतके सविस्तर सांगितले की बाहेरच्या रांगेतली माणसे कुरकुरू लागली.

पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या वर्गमित्रांपैकी अकरा जणांची नावे मी आठवून लिहिली होती. त्यांतले दोघे वारले होते, चौघे पुण्या-मुंबईला स्थायिक झाले होते आणि दोघांचा पत्ता लागला नाही. जे तिघे गावात होते ते रोज संध्याकाळी टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ भेटत. मी त्यांच्यात सहज मिसळून गेलो. साडेसातला परत यायचो तेव्हा पत्नी खिडकीपाशी बसलेली असायची. ती आपली सगळी कामे एकटीने आणि माझ्यापेक्षा लवकर उरकत होती; मराठी दुकानात मराठी, सरकारी कार्यालयात कन्नड, तिला कुठेच अडत नव्हते. पण कामे संपल्यावर तिला जायला जागा नव्हती. मित्रांच्या बायका स्वभावाने चांगल्या होत्या, त्यांनी दोनदा जेवायला बोलावले, हळदीकुंकवालाही बोलावले. तरी त्या ओळखी माझ्यामुळे झालेल्या होत्या. विसाव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की मी ज्याला बेळगाव म्हणतो ते वाचनालय, कट्टा आणि चहाचे हॉटेल यांचे मिळून झालेले पुरुषांचे गाव आहे, आणि त्यात तिची जागा मी कधी कल्पिलीच नव्हती.

त्याच महिन्यात एक प्रसंग घडला. अनगोळच्या पुढे नव्या वसाहतीत तळमजल्याचे एक बैठे घर एका मध्यस्थाने दाखवले. पुढे थोडे अंगण, मागे नारळाची दोन झाडे, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. मालक मराठी, मध्यस्थ मराठी, सगळी बोलणी मराठीत. मला इतके आपलेपण वाटले की पन्नास हजार रुपये विसार देण्याचे मी तोंडी कबूल करून आलो. घरी आल्यावर मध्यस्थाने दिलेली झेरॉक्स पत्नीने वाचली. तो जमिनीचा पहाणी उतारा होता आणि अर्थातच कन्नडमध्ये होता. जमीन अजून शेतीचीच होती, बिनशेती झालेलीच नव्हती, आणि कर्जाच्या रकान्यात एका सहकारी पतसंस्थेचा बोजा दिसत होता. गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून साध्या स्टँप पेपरवर विकलेल्या अशा जागा आमच्या भागात पुष्कळ आहेत, आणि आयुष्यभराची पुंजी त्यांत अडकवून बसलेली माणसेही मी पाहिलेली आहेत. विसार दिला नव्हता म्हणून आम्ही वाचलो. पण मला ज्या गोष्टीने अस्वस्थ केले ती वेगळी होती. बेळगावात बोलणे मराठीत होते, कागद मात्र कन्नडमध्ये असतो. भाषेच्या ज्या आधारावर मी हे गाव निवडायला निघालो होतो, तो आधार सही करण्याच्या क्षणी संपत होता, आणि त्या क्षणी मला तिची गरज लागत होती.

धारवाडला आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो. मालमड्डीत पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, जुने कौलारू घर आहे आणि मागच्या अंगाला दोन स्वतंत्र खोल्या आहेत. रेल्वे स्थानक पायी जाण्याइतके जवळ; त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेंगळुरू–धारवाड वंदे भारत गाडी सुरू झाली होती, त्यामुळे मुलगा एका शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचला. बेळगावहून धारवाडला येताना पत्नीचे तिकीट शून्य रुपयांचे होते, कारण जून २०२३ पासून राज्यातील साध्या बसमध्ये स्त्रियांना प्रवास मोफत झाला आहे. मला ज्येष्ठ नागरिक म्हणून पंचवीस टक्के सवलत मिळाली. या गोष्टी किरकोळ वाटतील, पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईला बहिणीकडे जाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, याचे मोल मला अक्कांकडे येणाऱ्या बायका पाहून कळले.

पहिला दिवस मात्र माझ्यासाठी कठीण होता, कारण तो १ नोव्हेंबर होता. १९५६ मध्ये याच दिवशी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा, आणि त्याच्याबरोबर धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी घरांत हा दिवस काळा दिवस म्हणून पाळला जातो आणि लहानपणापासून त्या दिवशी आमच्या घरात गोडधोड झालेले मला आठवत नाही. धारवाडात सकाळी आठपासून लाल-पिवळे झेंडे घेतलेली कॉलेजची मुले वाजतगाजत चालली होती. मी मागच्या खोलीत बसून राहिलो. शेजारी राहणारे एक निवृत्त कन्नड शिक्षक अक्कांना फुले द्यायला आले होते. मी निपाणीचा, हे कळल्यावर ते त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलले नाहीत आणि संध्याकाळी चहाला येण्याचे आमंत्रण देऊन गेले. मी गेलो. आम्ही दोघांनी तासभर शाळा, वेतनश्रेणी आणि मधुमेह यांवर गप्पा मारल्या. त्या गृहस्थांनी दाखवलेली समज मी विसरणार नाही.

दुसरा कठीण दिवस रुग्णालयातला. ठरलेल्या अटीप्रमाणे मी धारवाडजवळच्या सत्तूरच्या रुग्णालयात एकटा गेलो होतो. छातीत होणारी जळजळ आणि डाव्या हाताला येणाऱ्या मुंग्या या तक्रारी मला सांगायच्या होत्या. तरुण डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होता आणि मला एकच शब्द सुचत होता, 'नोवु', म्हणजे दुखणे. मराठीत आपल्याला कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, सणक जाते, पोटात मुरडा येतो, डोके जड होते. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी गोष्ट सांगतो. ते सगळे शब्द माझ्याजवळ होते आणि त्यांतला एकही तिथे चालत नव्हता. शेवटी खानापूरकडची एक परिचारिका मदतीला आली आणि तिने माझ्या मुंग्यांचे कन्नड केले. तपासणीत काळजीचे काही निघाले नाही. परंतु परतीच्या बसमध्ये मी मनाशी ठरवून टाकले की आता धारवाडचा विचार नको.

पाण्याचा प्रश्नही होताच. धारवाडला पाणी सौंदत्तीजवळच्या मलप्रभा धरणातून येते, आणि त्या महिन्यात अक्कांच्या नळाला सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येत होते. २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या तिन्ही ठिकाणी काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला, त्यामुळे एकाच गावात एका गल्लीत अखंड पाणी आणि पलीकडच्या गल्लीत आठवड्याची वाट, अशी स्थिती आहे. घर पाहणाऱ्याने खोल्या मोजण्याआधी नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, हे शेजाऱ्याला विचारावे. विकणारा ते सांगत नाही. सप्तापुरात पाहिलेला एक चांगला फ्लॅट आम्ही वेगळ्याच कारणाने सोडला. तो सगळा भाग स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांनी आणि अभ्यासिकांनी भरलेला आहे. ती मुले अभ्यासू आहेत, त्यांच्याविषयी मला कौतुकच आहे, पण रात्री बारापर्यंत दुचाक्यांची ये-जा असते आणि इमारतीतले निम्मे फ्लॅट पेइंग गेस्टसाठी दिलेले होते. जिथे शेजारी दर वर्षी बदलतो तिथे अडीअडचणीला दार कोणाचे वाजवायचे?

दार वाजवण्याचा हा विचार अक्कांच्या घरामुळे मनात आला. अक्कांचे यजमान २०१९ मध्ये गेले. मुलगा परदेशी. पंधरा दिवस मी त्यांचा दिवस जवळून पाहत होतो. सकाळी साडेसहापर्यंत पुढची खिडकी उघडली नाही तर समोरच्या घरातली सून येऊन हाक मारते. औषध दुकानदार गोळ्यांच्या पाकिटांवर कन्नडमध्ये वेळा लिहून देतो. शाळेतल्या तीन मैत्रिणी गावातच आहेत. त्यांतली एक लिंगायत, एक माध्व ब्राह्मण, एक मराठा, आणि चौघींचे बोलणे कन्नडमध्ये सुरू होऊन मराठीत संपते. गुरुवारी भजन असते. वीज, घरपट्टी, बँक ही कामे अक्का स्वतः करतात, कारण अर्ज त्यांना वाचता येतो. माझी पत्नी त्या चौघींत पाचवी होऊन बसली, तेव्हा ती बोलताना हात हलवते आणि मोठ्याने हसते हे मी कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिले.

एका रात्री जेवताना मी रुग्णालयातली माझी फजिती सांगितली आणि बेळगावच बरे, असे बोललो. अक्का म्हणाल्या, "दाजी, तुमचं खरं आहे. पण हे गेले तेव्हा मला एक गोष्ट नवी शिकावी लागली नाही. घर तेच, गल्ली तीच, दुकानं तीच. एवढ्यावरच मी उभी राहिले. तेव्हा नवीन गावात असते तर मला मुलाकडे जावं लागलं असतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे वडील सहासष्टाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. माझा रक्तदाब पंधरा वर्षांचा आहे आणि साखर सहा वर्षांची. पत्नीची आई एकोणनव्वद वर्षे जगली आणि शेवटपर्यंत स्वतःचे स्वतः करत होती. पत्नी माझ्याहून चार वर्षांनी लहान. हे सगळे मांडल्यावर मागे कोण राहणार, याचे उत्तर निश्चित नसले तरी संभव कोणत्या बाजूला आहे ते दिसत होते. मी जी वही केली होती तिच्या दोन्ही रकान्यांत आम्ही दोघे जोडीने वावरत होतो. जोडी मोडल्यावरचा एकही दिवस तिच्यात नव्हता. माझे निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आहे, माझ्यानंतर तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल ते मूळ पगाराच्या ३० टक्के. म्हणजे कमी पैशांत, एकटीने, साठीनंतर कधीतरी तिला तो काळ काढावा लागेल. आणि तो तिने माझ्या मित्रांच्या गावात काढावा, अशी योजना मी करत होतो.

हे मी तिला दुसऱ्या दिवशी केलगेरीच्या तळ्याकाठी फिरताना सांगितले. ती रागावली. जिवंत माणसाने असे हिशेब करू नयेत, असे म्हणून तिने दोन दिवस विषय बंद केला. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले, "आणि उलट झालं तर? मी आधी गेले आणि तुम्ही इथं एकटे राहिलात तर?" हा प्रश्न योग्य होता आणि त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याजवळ आजही नाही. धारवाडात मराठी माणूस एकाकी पडतोच असे नाही. ज्ञानपीठाने गौरवलेले कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठीच होती आणि ते साधनकेरीत राहिले, जी. ए. कुलकर्णी यांनी इथल्याच कॉलेजात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. मालमड्डीत आणि मराठा कॉलनीत मराठी घरे आहेत. पण बेळगावात वाचनालयाच्या दारातून आत शिरताना जे वाटते ते इथे मला मिळणार नाही, हे मी तिच्यापासून लपवले नाही. आम्ही असे ठरवले की उलट घडले, तर मी हे घर विकून बेळगावला जाईन. माझे मित्र, माझी भाषा आणि माझी वाट तिथे तयार आहे, म्हणून पुन्हा गाव बदलणे मला तिच्यापेक्षा सोपे जाईल. शिवाय मी कन्नड नीट वाचायला शिकेन, हे मी आपण होऊन कबूल केले.

२०२४ चे वर्ष घर शोधण्यात गेले. अखेर मालमड्डीपासून फार लांब नसलेल्या एका जुन्या, आठ घरांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. लिफ्ट आहे, कूपनलिका आहे, जमिनीखाली मोठी टाकी आहे, आणि आठांपैकी सहा घरांत मालक स्वतः राहतात. ऑक्टोबर २०२४ पासून शहरी मालमत्तेच्या खरेदीला ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा संगणकीकृत नोंद उतारा, आवश्यक झाला होता. विकणाऱ्याचे आडनाव खात्यावर एका तऱ्हेने आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते, ते दुरुस्त होईपर्यंत दोन महिने गेले. या काळात वीस वर्षांचा बोजा दाखला काढला, वकिलाकडून मूळ कागद तपासून घेतले, आणि प्रत्येक कागद रात्री पत्नीने वाचल्यावर मी स्वतः अक्षरे लावत पुन्हा वाचला. पहिला कागद वाचायला मला दीड तास लागला होता. दस्त नोंदणीच्या सरकारी कावेरी पोर्टलवर नोंदणीची वेळ मिळाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खरेदीखत झाले.

खरेदीखत दोघांच्या नावे आहे. वीजजोडणी, गॅस आणि पाणीपट्टी मात्र फक्त तिच्या नावे करून घेतली, कारण नवऱ्याच्या मृत्यूनंतर मीटरवरचे नाव बदलण्यासाठी अक्कांना घालाव्या लागलेल्या खेपा मला माहीत होत्या. बँकेतली ठेव दोघांपैकी एक किंवा हयात असलेला, या तऱ्हेने ठेवली. निवृत्तिवेतनाच्या आदेशावर तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे की नाही हे पाहिले; जन्मतारखेत एक वर्षाची चूक निघाली आणि ती दुरुस्त झाली. हे काम निवृत्तीच्या आधीच करायला हवे होते.

मार्चमध्ये निपाणीहून सामान आणले. दर दुसऱ्या बुधवारी मी सकाळच्या बसने बेळगावला जातो, वाचनालयातली पुस्तके बदलतो, मित्रांबरोबर जेवतो आणि दिवेलागणीच्या आत परततो. सकाळी दाराशी आता कन्नड दैनिक येते. पहिल्या पानावरचे मथळे मी वाचतो आणि जिथे अडतो तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवतो. अक्कांच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांना ती पाने दाखवायला मी संध्याकाळी जातो, तेव्हा पत्नी अक्कांच्या ओट्यावर असते. काल विजेचे बिल आले. त्यावर तिचे नाव कन्नडमध्ये छापलेले होते आणि मी ते न अडखळता वाचले.